मुलाच्या हृदयाची लय आणि पालकांच्या हाती येणारा कागद

लहान मुलाच्या हृदयासंबंधी डॉक्टरांनी काही शंका व्यक्त केली की आपल्याकडील आईबापांच्या मुखातून पहिला आणि बहुधा एकच प्रश्न बाहेर पडतो, तो म्हणजे ‘हृदयाला छिद्र तर नाही ना?’ टू-डी इकोची तपासणी होते, छिद्र नाही, झडपा ठीक आहेत असे कळते आणि घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. परंतु त्याच दिवशी मिळालेल्या दुसऱ्या एका कागदावर, हृदयाच्या लयीत दोष आहे अशा अर्थाची जी एक इंग्रजी ओळ छापलेली असते, तिच्याकडे त्या समाधानाच्या भरात कोणाचे लक्ष जात नाही. किंवा गेलेच, तर तिचा अर्थ कोणाला विचारावा आणि कसा विचारावा हे उमगत नाही. काही घरांत याच्या नेमके उलट घडते. ती ओळ कोणीतरी शिकलेला नातेवाईक वाचतो, तिच्यातील एखादा शब्द मोबाइलवर शोधतो, आणि त्या क्षणापासून एका धडधाकट मुलाचे धावणे, खेळणे, सहलीला जाणे सर्व बंद होते. अज्ञानाने आलेले समाधान आणि अज्ञानाने आलेले भय ही दोन्ही मुलाला सारखीच घातक आहेत. माझे म्हणणे असे की, मुलाच्या हृदयाची लय बिघडली आहे हे निदान, ते मूल ज्या घरात वाढणार आहे त्या घराला त्याच्या भाषेत समजल्याखेरीज पूर्ण झाले असे मानता कामा नये; हे समजावून देणे हा इलाजाचाच एक अंश आहे, आणि तो मराठीत, लेखी स्वरूपात मिळणे हा पालकांचा हक्क आहे.

हृदयाची घडण आणि हृदयाची लय या दोन पृथक् गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इकोच्या पडद्यावर दिसते ती घडण, म्हणजे कप्पे, पडदे, झडपा आणि रक्ताचा ओघ. लय उत्पन्न होते ती हृदयाच्या स्नायूतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहामुळे, आणि त्या प्रवाहाचा आलेख निराळाच काढावा लागतो. हा प्रवाह कोठून निघतो आणि कोणत्या मार्गाने जातो, याचा शोध विसाव्या शतकाच्या आरंभी लागला. १९०६ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे संशोधन करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी विद्वानाने हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील दुव्याचे वर्णन केले. आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडात आर्थर कीथ व त्यांचा विद्यार्थिदशेतील सहकारी मार्टिन फ्लॅक यांना उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत ती इवलीशी ग्रंथी आढळली, जिच्यातून आपल्या प्रत्येक ठोक्याचा उगम होतो. सुमारे त्याच काळात, जावा बेटावरील सेमारांग येथे जन्मलेले आणि हॉलंडमधील लायडन येथे अध्यापन करणारे विलेम आइंटहोवेन यांनी, रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून, हृदयातील विद्युत्प्रवाहाचा अचूक आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले, ज्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या यंत्राने एके काळी संपूर्ण दालन व्यापले होते, त्याचे आजचे रूप एका पिशवीत मावते, आणि तालुक्याच्या गावीही ईसीजीची ती पट्टी थोड्या खर्चात काही मिनिटांत निघते.

मात्र ही पट्टी साधारणतः दहा सेकंदांची असते. ज्या मुलाची लय महिन्यातून एखाद्या वेळी बिघडते, त्याच्या त्या दहा सेकंदांत काहीच सापडले नाही तर त्यात नवल नाही. म्हणून कधी चोवीस तास अंगावर बाळगावयाचे होल्टर लावावे लागते, कधी पळवून पाहावे लागते. आणि म्हणूनच आईबापांनी केलेले निरीक्षण कित्येकदा यंत्रापेक्षा मोलाचे ठरते. मूल कोसळले तेव्हा ते काय करीत होते, धावत होते की रांगेत उन्हात उभे होते, चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, किती वेळात शुद्धीवर आले, आल्यावर लगेच ओळखू लागले की बराच वेळ भांबावलेले होते, हा तपशील डॉक्टरांपुढे ठेवणारी आई निदानातील अर्धे काम करून आलेली असते. घरातील दुसऱ्या कोणी त्या वेळी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर अधिकच उत्तम.

आता लय बिघडली म्हणजे काय बिघडले? या एका शब्दाखाली इतक्या भिन्न अवस्था येतात की, त्यांतील कोणती आपल्या मुलाची आहे हे न विचारता घरी परतणे म्हणजे काहीच न कळता परतणे होय. काही अवस्था तर रोगही नव्हेत. श्वास आत घेताना ठोके किंचित वेगाने पडतात आणि सोडताना मंदावतात, हा निरोगी बालकांत नित्य आढळणारा प्रकार आहे. त्याला कागदावर सायनस अ‍ॅरिदमिया असे भारदस्त नाव मिळते, आणि त्या नावाच्या जोरावर शाळेतील कवायतीतून मुलाला वगळण्यात येते. नवजात अर्भकाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० पडणे स्वाभाविक आहे; पण मोठ्या माणसाच्या मापाने ते मोजणाऱ्याला तेही विपरीत वाटते. मधूनच एखादा ठोका अवेळी पडणे, हेही ज्याच्या हृदयाची घडण निर्दोष आहे अशा मुलात बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, विशेषतः मूल खेळू लागताच ते ठोके नाहीसे होत असतील तर. अशा मुलाच्या आईबापांना ‘काळजीचे कारण नाही’ एवढेच सांगून भागत नाही. काळजीचे कारण का नाही हे सांगावे लागते, कारण कारणावाचून दिलेला धीर घराच्या उंबरठ्यापर्यंतही टिकत नाही.

दुसरा प्रकार आहे तो ठोके एकाएकी अतोनात वाढण्याचा, ज्याला डॉक्टर मंडळी एसव्हीटी म्हणतात. तान्ह्या मुलात हा वेग मिनिटाला २२० च्याही वर जातो, आणि बोलता न येणारे ते मूल दूध ओढीत नाही, घामाघूम होते, फिके पडते, धाप लागल्यासारखे करते. काही तास हे असेच चालले तर हृदय थकून जाते. पुष्कळ मुलांत याचे मूळ असते ते जन्मतः राहून गेलेल्या एका जादा विद्युत्मार्गात. शेतातील पाटाला एके ठिकाणी खिंडार पडावे, आणि पुढे गेलेले पाणी त्या वाटेने मागे वळून पुन्हा त्याच पाटात येऊन पडावे, तसा तो प्रवाह वर्तुळात फिरत राहतो. बोस्टनचे लुई वुल्फ व पॉल डडली व्हाइट आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी १९३० साली ११ रुग्णांच्या आधारे अशाच एका अवस्थेचे वर्णन केले, आणि तिला त्या तिघांची नावे चिकटली. ही अवस्था भयप्रद दिसते खरी. परंतु तिच्यावर आज हमखास म्हणावेत असे इलाज आहेत. मोठ्या मुलाला श्वास कोंडून जोर लावावयास शिकवले तर पुष्कळदा ठोके जागेवर येतात, इस्पितळात अ‍ॅडेनोसिनच्या एका सुईने बहुधा काम होते, अनेक तान्ह्या मुलांत पहिल्या वर्षातच हा उपद्रव थांबतो, आणि ज्यांच्यात तो थांबत नाही त्यांच्यात पुढे रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊन तो जादा मार्गच जाळून बंद करता येतो. ज्यांच्या ईसीजीत तो मार्ग एरवीही दिसतो, त्यांच्यापैकी थोड्यांना अधिक गंभीर धोका संभवतो, म्हणून त्यांनी तज्ज्ञाची गाठ घेणे टाळू नये.

ठोके जन्मतःच फार मंद असण्याचाही एक प्रकार आहे. त्याचे कारण पुष्कळदा मातेच्या रक्तातील काही प्रतिद्रव्यांत असते, आणि त्या मातेला स्वतःला कसलाही त्रास होत नसल्याने मुलाच्या निदानापर्यंत तिला त्याची वार्ताही नसते. यात तिचा कोणताही दोष नाही, हे तिच्या सासरच्या माणसांदेखत सांगितले गेले पाहिजे.

पण मला विस्ताराने लिहावयाचे आहे ते एका तिसऱ्याच अवस्थेविषयी, कारण निदान समजण्या-न समजण्यावर मुलाचे प्राण अवलंबून असतात ते तिच्यात. तिला लाँग क्यूटी सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला विजेच्या दृष्टीने पूर्वस्थितीत यावे लागते, आणि पेशींच्या आवरणातील सूक्ष्म वाटांमधून क्षार ये-जा करतात तेव्हा ते घडते. या वाटा जन्मतः सदोष असतील तर हा पुनर्भरणाचा अवधी लांबतो, आणि त्या लांबलेल्या अवधीत दुसरा ठोका अवेळी येऊन पडला तर हृदय आकुंचन सोडून नुसते थरथरू लागते. मेंदूला रक्त पोहोचत नाही. मूल उभ्याचे कोसळते. बहुतेक वेळा काही सेकंदांत लय आपोआप सुधारते आणि मूल उठून बसते. एखाद्या वेळी ती सुधारत नाही.

१८५६ साली जर्मनीतील एका बधिर मुलांच्या शाळेत, क्षुल्लक अपराधाबद्दल जाब देण्यासाठी समोर बोलावलेली एक मुलगी जागीच गतप्राण झाल्याची नोंद फ्रीडरिश माइस्नर यांनी करून ठेवली आहे. तिच्या आईबापांना त्या वार्तेचे आश्चर्य वाटले नाही, कारण त्यांची आणखी दोन मुले अशीच, एक भीतीने आणि एक संतापाच्या भरात, मृत्यू पावली होती. त्या दुर्दैवी आईबापांना जे ठाऊक होते त्याला शास्त्राने नाव दिले ते शंभर वर्षांनी. १९५७ साली नॉर्वेतील अँटोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यातील सहा भावंडांपैकी चौघे जन्मतः बहिरी होती व वरचेवर मूर्च्छित पडत असत, आणि त्या चौघांपैकी तिघे वयाच्या चौथ्या, पाचव्या व नवव्या वर्षी एकाएकी मरण पावली. त्यानंतर इटलीतील रोमानो यांनी १९६३ साली आणि आयर्लंडमधील वॉर्ड यांनी १९६४ साली, बहिरेपणा नसलेल्या कुटुंबांतही हाच विकार असल्याचे दाखवून दिले. तो वाटतो तितका विरळ नाही. ४४ हजारांहून अधिक नवजात बालकांचे ईसीजी काढून इटलीत जो अभ्यास झाला व २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यावरून सुमारे २००० मुलांत एक असे त्याचे प्रमाण निघते.

अशा मुलाचा इको पूर्णपणे निर्दोष असतो. मूल दिसावयास सुदृढ, बहुधा खेळकर. ते पळताना कोसळते, अथवा विहिरीत पोहताना. विकाराच्या एका उपप्रकारात गजराच्या घड्याळाने किंवा फोनच्या घंटेने दचकून कोसळते. आणि कोसळल्यावर हातपाय झाडते, कारण रक्त न मिळालेला मेंदू तसे करावयास लावतो. पाहणारा म्हणतो, फिट आली. अपस्माराची औषधे सुरू होतात, डोक्याची तपासणी होते, देवऋषी होतो, आणि या सर्व धावपळीत छातीला सहा तारा लावून हृदयाचा आलेख काढावा हे कोणालाही सुचत नाही. पहिली फिट आलेल्या प्रत्येक मुलाचा, आणि श्रम करताना, भयाने अथवा आवाजाने दचकून शुद्ध हरपलेल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी निघालाच पाहिजे, व त्यातील तो अवधी केवळ यंत्राच्या छापील आकड्यावर न विसंबता जाणत्या डॉक्टराने स्वतः मोजला पाहिजे, असा दंडक सर्व इस्पितळांनी घालून घेण्यास काहीच अडचण नाही. यंत्र तेथे आहेच.

बहिऱ्या मुलांबाबत तर हा दंडक अधिकच निकडीचा आहे. अंतःकर्णातही क्षारांची ती ये-जा त्याच वाटांनी होते, आणि मातापिता दोघांकडूनही सदोष गुण आला तर मूल बहिरे जन्मते व त्याच्या हृदयाचा विकारही उग्र असतो. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची चाल आपल्या कित्येक समाजांत अद्याप आहे, आणि जवळच्या नात्यातील विवाहांत असे दुहेरी दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. तेव्हा जन्मतः बहिऱ्या असलेल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी एकदा तरी, आणि कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी तर अवश्यमेव, काढला जावा.

निदान झाले की औषध काही दुर्मीळ नाही. ज्या शोधासाठी सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्या वर्गातील प्रोप्रॅनोलॉल ही जुनी व स्वस्त गोळी आहे, आणि तिने बहुसंख्य मुलांतील धोका पुष्कळच घटतो. पण ती नेमाने घ्यावी लागते, आणि एकाएकी थांबवणे हेच घातक आहे. ‘सहा महिने काही झाले नाही, मग कशाला रोज गोळी’ असे म्हणून ती बंद करणारे आईबाप निष्काळजी नसतात, त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना आणखीही एक गोष्ट सांगितलेली नसते, आणि मला ती सर्वांत भयंकर वाटते. मुलाला उलट्या झाल्या की गल्लीतल्या दवाखान्यात डोमपेरिडोन किंवा ओंडनसेट्रॉन मिळते, घसा धरला की अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळते. इतर मुलांना सहसा न बाधणारी हीच औषधे हा अवधी आणखी लांबवतात, आणि जुलाबांनी शरीरातील पोटॅशियम आधीच घटलेले असेल तर हे संकट दुप्पट होते. त्या दवाखान्यातील डॉक्टर सद्भावनेनेच औषध देत असतो. त्याला मुलाचा विकार ठाऊक नाही, कारण तो सांगू शकणाऱ्या आईलाच त्याचे नाव येत नाही.

ठाऊक असूनही न सांगण्याचा प्रकार निराळा आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. हा विकार बहुधा आईकडून किंवा बापाकडून येतो व पुढच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून एका मुलाचे निदान झाले की भावंडांचे व आईबापांचे ईसीजी काढावेत, आणि एक ईसीजी निर्दोष निघाला तरी निश्चिंत न राहता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असा नियम आहे. येथे आपली घरे मागे सरतात. मुलगी असेल तर तिचे लग्न जमायचे कसे, चुलत घराण्याला कळले तर ते काय म्हणतील, ‘तुमच्याकडून आले की आमच्याकडून’ हा वाद किती वर्षे चालेल, या विचारांनी कागद कपाटात जातो. ज्या समाजात वधूपक्षाची इतकी निर्दय छाननी होते तेथे ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु लपवलेल्या निदानाची किंमत त्या मुलीलाच द्यावी लागते, आणि पुष्कळदा तिच्या धाकट्या भावालाही. या विकारासह, औषध घेऊन, शिक्षण, नोकरी, संसार आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बाळंतपणही सुखरूप पार पाडता येते, हे सांगणारे कोणी भेटले असते तर ते कागद इतके खोल गाडले गेले नसते.

जपानात १९७३ पासून शाळांतून मुलांच्या हृदयाची तपासणी होत आली आहे, आणि पुढे तिच्यात पहिली, सातवी व दहावी या इयत्तांत ईसीजी आवश्यक झाला. आपणही तसेच करावे अशी सूचना अधूनमधून होते. मला ती आज सुज्ञपणाची वाटत नाही. लक्षावधी पट्ट्या काढणे सोपे आहे. बालकांचा ईसीजी मोठ्यांपेक्षा निराळा असतो हे जाणून तो वाचणारे हात आपल्याजवळ फार थोडे आहेत, आणि चुकीच्या संशयाने भयग्रस्त झालेल्या हजारो घरांची समजूत काढावयास तर त्याहूनही थोडे. परंतु राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर येथून झाला, त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातात व जन्मजात हृदयदोष हुडकतात. त्या पथकाने प्रत्येक मुलाच्या आईला दोन प्रश्न अधिक विचारावेत: खेळताना किंवा दचकून हे मूल कधी बेशुद्ध पडले आहे काय, आणि घराण्यात कोणी तरुण वयात एकाएकी गेले आहे काय? ज्यांचे उत्तर होकारार्थी येईल त्यांना ईसीजीसाठी पुढे पाठवावे. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. तपासणीच्या तक्त्यात दोन ओळींची भर पुरे.

आणि निदान झालेल्या मुलासाठी तो कागद. एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत, ज्यात विकाराचे नाव मराठी लिपीत असेल, म्हणजे आईला ते उच्चारता येईल. हा विकार निरुपद्रवी आहे, बरा होणारा आहे की जन्मभर सांभाळावयाचा आहे, हे निःसंदिग्ध वाक्यात सांगितलेले असेल. औषधाची मात्रा, एखादी गोळी चुकली तर काय करावे, कोणती औषधे वर्ज्य, कोणते खेळ चालतील व कोणते नाहीत, आणखी कोणाची तपासणी करावयाची, हा सर्व मजकूर असेल. आणि मूल कोसळून प्रतिसाद देईनासे झाले व श्वास थांबला किंवा नुसता आचके देऊ लागला, तर १०८ ला फोन करून ताबडतोब छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देण्यास आरंभ करावा, हे ठळकपणे लिहिलेले असेल. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे खोळंबलेली असताना हे लिहीत कोण बसणार, असे डॉक्टर म्हणतील, आणि त्यांची अडचण खरी आहे. परंतु मुलांच्या लयीचे मुख्य विकार मोजकेच आहेत. त्यांचे नमुने बालहृदयरोगतज्ज्ञांनी एकदा सिद्ध करून शासनाने छापले, तर डॉक्टरांना मुलाचे नाव, औषधाची मात्रा आणि पुढील तारीख एवढेच भरावयाचे राहील, व उरलेली पाच मिनिटे प्रशिक्षित परिचारिकेने तो कागद आईला मोठ्याने वाचून दाखवण्यात जातील.

त्याच्या प्रती मात्र अनेक लागतील. एक शाळेत, मुख्याध्यापकांच्या दप्तरात नव्हे तर वर्गशिक्षकांच्या व क्रीडाशिक्षकांच्या हाती. एक गल्लीतल्या त्या डॉक्टरांकडे आणि एक औषधाच्या दुकानात. आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते मूल ज्या आजोळी जाते व मामेभावांबरोबर दुपारी विहिरीवर पोहावयास पळते, तेथे मामामामींना समोर बसवून वाचून दाखवलेली एक, मूल तेथे पोहोचण्यापूर्वी.